टिकलीचा खडा वरणफळांत

ऐका बरं का. वेणूकाकूंच्या ओट्याखाली होती एक भेग. भेगेत राहायची टिकली. टिकली म्हणजे मुंगी. ती एवढीशी, आणि तिची पाच बाळं त्याहून एवढीशी.

आज काकूंचे डबे झाले रिकामे. भाजी नाही. तांदूळ नाहीत. गूळ तर नाहीच. होती थोडी डाळ आणि थोडी कणीक. काकू म्हणाल्या, "चला, वरणफळं करू." हुशार हो आमच्या काकू!

गुळाच्या डब्यात टिकलीला एक खडा सापडला. शेवटचा. तिने तो उचलला. बाळं भुकेली होती ना! निघाली तुरुतुरु तुरुतुरु. वाटेत पातेलं. पातेल्यात गार वरण. काठावरून जाताना टिकलीचा पाय घसरला. खडा गेला डुबुक.

टिकली म्हणाली, "पातेल्या, पातेल्या, माझा खडा दे."

पातेलं म्हणालं, "शेगडी पेटेल, वरण उकळेल, तर खडा वर येईल. मग देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली शेगडीकडे.

"शेगडी, शेगडी, पेट ना.
पातेलं देईना,
खडा मिळेना,
माझी बाळं भुकेली."

शेगडी म्हणाली, "मी नाही जा. काकू कणीक मळतील, तर पेटेन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली काकूंकडे.

"काकू, काकू, कणीक मळा ना.
शेगडी पेटेना,
पातेलं देईना,
खडा मिळेना,
माझी बाळं भुकेली."

काकू म्हणाल्या, "आधी कणीक, मग शेगडी. गॅस उगाच जाळायचा नाही, ही माझी रीत. पण हळदीशिवाय कणीक कशी मळू? हळदीचा डबा उघडेल, तर मळेन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली डब्याकडे.

"डब्या, डब्या, उघड ना.
काकू मळेनात,
शेगडी पेटेना,
पातेलं देईना,
खडा मिळेना,
माझी बाळं भुकेली."

डबा म्हणाला, "माझं झाकण बसलंय गच्च. आजोबा फिरवतील, तर उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. आजोबा झोपले होते, घुर्र घुर्र. टिकली चढली उशीवर.

"आजोबा, आजोबा, उठा ना.
डबा उघडेना,
काकू मळेनात,
शेगडी पेटेना,
पातेलं देईना,
खडा मिळेना,
माझी बाळं भुकेली."

आजोबा म्हणाले, "भूक लागेल, तर उठेन."

आता भूक राहते कुठे? तिच्याकडे जायचं कसं? टिकलीला रडू आलं. पण टिकली मोठी चिवट. गेली आजोबांच्या कानाशी. म्हणाली, "आजोबा, आज वरणफळं आहेत."

आजोबांनी एक डोळा उघडला. "वरणफळं? माझी आई करायची. आम्ही सात भावंडं एका ताटात जेवायचो."

पोट बोललं, गुर्र गुर्र. आजोबांना लागली भूक. आजोबा उठले. डबा उघडला, फट्ट. काकूंनी कणीक मळली, थपथप. पोळी लाटली, फळं कापली. शेगडी पेटली, भप्प. वरण उकळलं, रटरट रटरट. फळं पडली, डुबुक डुबुक डुबुक.

टिकली म्हणाली, "पातेल्या, आता दे माझा खडा."

पातेलं हळूच म्हणालं, "टिकले, चुकलं गं माझं. खडा विरघळला."

टिकली ओट्यावरच बसली. बाळांना आता काय द्यायचं?

आजोबांनी घास घेतला. डोळे मिटले. "सूनबाई, अगदी आईच्या हातची चव. गूळ कुठून आणलास?"

"गूळ तर घरात नव्हता, मामंजी."

काकूंनी ओट्यावर पाहिलं. टिकली डोळे पुसत होती.

"अगं बाई, तुझा होय?"

काकूंनी एक फळ घेतलं. फू फू करून गार केलं. भेगेपाशी ठेवलं. "घे टिकले. सगळं घर आज तुझ्या गुळावर जेवतंय."

फळ केवढं थोरलं! भेगेत मावेचना. मग पाचही बाळं बाहेर आली. फळाभोवती बसली. खाल्लं, खाल्लं, पोटं झाली टम्म. उरलेला तुकडा टिकलीने तोंडात टाकला.

गोड लागला. तिच्याच खड्याचा गोडवा तो.