भिवबाची मशाल

म्हशींच्या गळ्यात अजून दावी पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका म्हशीच्या पोटात जंतूंची वस्ती होती. त्यातली आंबूताई भारी चौकस; गवत आंबवता आंबवता साऱ्या गल्लीची खबर ठेवायची. वस्तीचा राखणदार भिवबा दिसेल त्याला विचारायचा, "गाव कोणतं?" परका निघाला, की मशालीनं जाळायचा.

एकदा एक परका जंतू शिरला. भिवबानं त्याला जाळला, पण मशाल काही विझवेना. धगीनं पोटाच्या भिंतीतल्या विटा रोज करपत, रोज घाईघाईनं नव्या घडत. आंबूताईच्या जिवाला चैन पडेना.

"भिवादादा, चोर केव्हाच मेला. विझवा की ती!"

"आणि दुसरा आला म्हणजे? तुम्ही आपलं गवत बघा, ताई."

एके दिवशी तिला भिंतीत एक फुगलेली वीट दिसली. ती आपल्यासारख्याच विटा पाडत सुटली होती. अशीच वाढली तर भिंत जाणार, म्हैस जाणार, वस्तीही जाणार. आंबूताईनं भिवबाला ओढतच आणलं.

"गाव कोणतं?" त्यानं दरडावलं.

"इथलंच," वीट म्हणाली.

"मग बस निवांत," म्हणून तो वळला.

"अहो, गाव काय विचारता? जन्म कुठं झाला ते विचारा!"

त्यानं विचारलं.

"तुमच्या मशालीखाली, दादा."

आंबूताईच्या आंबट पाण्यात भिवबानं मशाल बुडवली. त्या विटांची गाठ काही विरली नाही. पण शेजारची एक वीट फुगायच्या बेतात होती, ती तेवढी जागीच थांबली.