दरी देईल तेवढंच

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की ते राज्य कोणतं होतं हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्याच्या उत्तरेला एक खोल दरी होती. कधीकाळी तिथं दोन मोठी सैन्यं लढली आणि दोन्ही तिथंच गाडली गेली. पुढं दरीत रान माजलं, रानात दांडगी श्वापदं आली. त्या श्वापदांना एक विचित्र खोड होती. मातीतून वर आलेली तलवार, ढाल, शिरस्त्राण, अंगठी, जे सापडेल ते ती आपल्या बिळात नेऊन दडवत.

श्वापदं गावात शिरू नयेत म्हणून राज्यातले तरुण आणि तरुणी दरीत उतरत. लोक त्यांना दरीकर म्हणत. राजाचा नियम साधा होता. ज्यानं श्वापद लोळवलं, त्याच्या बिळातली वस्तू त्याची. बिळात काय निघेल हे मात्र हात घातल्याशिवाय कळत नसे. कधी गंजका खिळा, कधी एखाद्या सेनापतीची तलवार.

दरीच्या तोंडाशी बाजार भरे. ज्याला तलवार हवी असे त्याच्या वाट्याला चिलखत आलेलं असे, आणि चिलखत हवं असलेल्याच्या हाती तलवार. मग अदलाबदल व्हायची. बाजार सोयीचा होता. त्यात वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या राज्यात सगुणा नावाची एक मुलगी होती. तिचा थोरला भाऊ रायाजी नावाजलेला दरीकर, आणि बाजारात तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोणत्या वस्तूच्या बदल्यात काय मिळेल, हे तो वस्तू नुसती दुरून पाहून सांगे.

लढण्याचं शिक्षण संपवून सगुणा पहिल्यांदा दरीत उतरली, तेव्हा तिच्या हातात साधी काठी होती. एका रानडुकरानं तिला दिवसभर पळवलं, दोनदा झाडावर चढायला लावलं. शेवटी ते दमलं आणि हिनं त्याला लोळवलं. मग ती बिळाशी पोटावर पालथी पडली. आत काळोख होता. हात घालताना तिच्या पोटात गोळा आला. बोटांना काहीतरी गार, गोल लागलं. ओढून काढलं तर ते एक पोचे आलेलं शिरस्त्राण. तिनं ते डोक्यावर घातलं, ते घसरून थेट नाकावर आलं. ती एकटीच, त्या रानात, मोठ्यानं हसली.

वर आल्यावर रायाजीनं कपाळाला हात लावला. "हे काय डोक्यावर पातेलं? काढ ते. चल माझ्याबरोबर."

त्या संध्याकाळी त्यानं स्वतःकडच्या वस्तू देऊन सगुणेला डोक्यापासून पायापर्यंत सजवलं. उत्तम तलवार, उत्तम चिलखत, काट्यांतून चालायला उत्तम जोडे. भाऊ प्रेमळ होता. बहिणीला इजा होऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवसापासून सगुणेला कुणी पळवलं नाही. लांडगा आला, एक घाव. तरस आलं, एक घाव. बिळात हात घालावा तर निघालेली वस्तू अंगावरच्या वस्तूपेक्षा हलकीच असे. सुरुवातीला ती उचलून बघे. मग नुसती बघे. मग बिळाशी वाकायचंच तिनं सोडून दिलं.

असे बरेच महिने गेले. एकदा घरी परतताना तिनं विचारलं, "दादा, बिळात हात घालताना तुझ्या पोटात गोळा येतो का रे अजून?"

"गोळा?" रायाजी हसला. "मी बघतसुद्धा नाही काय निघालं ते. सगळं पोत्यात भरायचं. बघायचं ते बाजारात."

"मला यायचा. आता येत नाही."

"मग चांगलंच आहे की."

पण दुसऱ्याच दिवशी बाजारात सगुणेनं तलवार, चिलखत, जोडे, सगळं उतरवून भावापुढं ठेवलं. "यापुढं मी बाजारातून काही घेणार नाही," ती म्हणाली. "दरी देईल तेवढंच अंगावर चढवीन."

"अगं, वेड लागलंय का तुला? मरशील!"

"जपून राहीन."

रायाजी चिडला, विनवण्या करून दमला, शेवटी गप्प बसला. सगुणा पुन्हा काठी घेऊन दरीत उतरली.

दरी काही लगेच प्रसन्न झाली नाही. हवी होती तलवार, मिळाला मोडका भाला. हवे होते जोडे, मिळाला डाव्या हाताचा एकटाच हातमोजा. एका बिळातून जाळं निघालं. कुण्या सैनिकानं शत्रूवर फेकायला आणलेलं असावं. ते तिनं कितीतरी दिवस नुसतंच कमरेला गुंडाळून ठेवलं, कारण त्याचं करायचं काय हे तिला ठाऊक नव्हतं. पण दुसरं काही मिळेचना. मग ती त्या जाळ्याशी झटली. आधी ते झुडपांत अडके, मग तिच्या स्वतःच्या पायांत. हळूहळू ते हवेत उघडायला लागलं. एके दिवशी धावणारा लांडगा त्यात अलगद सापडला आणि सगुणा स्वतःच थक्क झाली.

काट्यांनी तळवे सोलवटले तेव्हा तिनं जोडे शोधायचं मनावर घेतलं. कोणतं श्वापद काय दडवतं, हे ती आता निरखून पाहू लागली होती. दलदलीतल्या घोरपडींना कातड्याचा वास आवडतो, हे तिच्या ध्यानात आलं. मग कितीतरी दिवस ती गुडघाभर चिखलात वावरली. अखेर जोडे मिळाले. एक मोठा, एक लहान. ती दगडावर बसली, दोन्ही पायांत चढवले, आणि पायांकडे बघताना तिचे डोळे भरून आले. मोठ्या जोड्यात गवत कोंबून ती चालायला लागली. पुढं एक दणकट गदाही मिळाली. ढाल मात्र दरीनं तिला कधीच दिली नाही.

पण प्रत्येक बिळाशी वाकताना पोटात पुन्हा गोळा येऊ लागला होता. सगुणा सुखात होती.

आता गोष्टीचं अवघड वळण येतं.

विजोड जोड्यांची, जाळ्यावाली दरीकर गावोगाव माहीत झाली. मुलं तिच्याकडं बोट दाखवत, म्हातारी माणसं मान डोलावत. सगुणेला ते आवडलं. कुणाला आवडणार नाही? पूर्वी ती बाजाराच्या बाहेरून निघून जाई. आता ती रोज बाजारात येऊन बसू लागली. "एवढी मोठी मगर लोळवली," ती सांगे, "आणि अंगावर बाजारातली एक वस्तू असेल तर शपथ!" लोक वाहवा करत.

एकदा एक नवी मुलगी उड्या मारतच तिच्यापुढं आली. तिला मिळालेलं चिलखत देऊन तिनं एक धनुष्य घेतलं होतं. "ताई, बघा ना! किती सुंदर आहे!"

सगुणेनं धनुष्य हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "आहे छान," ती म्हणाली. "पण तुझं नाही."

मुलीचा चेहरा पडला. ती धनुष्य घेऊन मुकाट्यानं निघून गेली.

बाजाराच्या कडेला, करवंदीच्या जाळीत एक म्हातारी सायाळ राहत असे. त्या काळी सायाळी बोलत. सगुणा दरीच्या वाटेला लागली तशी ती काटे खुळखुळवत आडवी आली.

"बाई, हल्ली बाजारात फार दिसतेस."

"बसते घटकाभर. घेत काहीच नाही मी."

"घेत नाहीस कसं? तुझं ते व्रत रोज मांडतेस, वाहवा घेऊन उठतेस. सौदा तो सौदाच. आणि आज तर त्या पोरीचा आनंदही उचलून आणलास."

सगुणेला ते झोंबलं. "तुला काटे जन्मतःच मिळालेत," ती म्हणाली. "शोधून कमावणं म्हणजे काय, तुला काय कळणार?"

"तेही खरं," सायाळ म्हणाली आणि बाजूला झाली.

त्या हिवाळ्यात दरीच्या तळातून एक अजस्र अस्वल वर आलं. वर्षानुवर्षं चिखलात आणि गंजात लोळून त्याच्या अंगावर दगडासारखं कवच चढलं होतं. त्यानं कडेच्या वाड्यांतली घरं मोडली, गोठे फोडले. राजानं नगारा वाजवला आणि सगळे दरीकर निघाले. दोघादोघांच्या जोड्या पाडताना रायाजी म्हणाला, "मी सगुणेबरोबर जाईन." गेली काही वर्षं भावाबहिणीचं बोलणं कमी झालं होतं. पण तो तिच्यापुढं चालू लागला, तिनं सांगितलेल्या वाटेनं.

अस्वल त्यांनाच भेटलं. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल घळ, अशा अरुंद जागी. रायाजीनं पहिला घाव घातला. त्याची ती नामांकित तलवार कवचावर आपटून मधोमध तुटली. अस्वलानं त्याला फेकलं, तो आपटला, वरून दरड कोसळली आणि त्याचा पाय दगडाखाली अडकला. सगुणेनं गदा हाणली, ती अस्वलानं हिसकावून घळीत भिरकावली. आता तिच्याकडं उरलं जाळं. पण जाळं उघडायला अस्वलाचा एक तडाखा तरी अडवायला हवा होता.

रायाजीला ते पडल्या पडल्या दिसलं. त्यानं आपली ढाल तिच्या पायांशी सरकवली. "सगुणे, ढाल उचल!"

ढाल तिच्या पायांशी होती. बाजारातली. घासूनपुसून चकचकीत केलेली.

आणि सगुणा थांबली.

फार वेळ नाही. एक श्वास घेऊन सोडावा तेवढाच वेळ. तेवढ्यात तिच्या मनात येऊन गेलं की उद्या सगळे म्हणतील, शेवटी सगुणेनंही बाजारातली ढाल घेतलीच.

तेवढ्यात अस्वलाचा पंजा रायाजीच्या उजव्या हातावर पडला.

त्याच्या किंकाळीनं ती भानावर आली. तिनं ढाल उचलली, भावाच्या आणि अस्वलाच्या मधे उडी घेतली. पुढचा तडाखा ढालीवर बसला आणि ती गुडघ्यांवर कोसळली. पण जाळं हातातून सुटलं होतं, आणि ते याआधी कधी उघडलं नव्हतं इतकं पुरतं उघडलं. अस्वल त्यात पुढच्या पायांनी गुरफटलं, हिसडे देत मागं गेलं आणि तोल जाऊन घळीत पडलं. खालून बराच वेळ दगड घरंगळल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

वाड्या वाचल्या. रायाजी वाचला. पण वैद्यानं हात बघून मान हलवली. त्या हातात तलवार पुन्हा धरता येणार नव्हती.

सगुणा भावाच्या अंथरुणाशी बसून राहिली. त्याला भरवी, हात शेकून देई. एका दुपारी तिनं धीर केला.

"दादा, मी थांबले होते."

"माहीत आहे."

"ढाल दिसली नाही, असं नव्हतं."

"तुझं तोंड माझ्याकडंच होतं, सगुणे. दिसलं मला." तो छताकडं बघत होता. "कसला विचार करत होतीस?"

"लोक काय म्हणतील याचा."

रायाजीनं मान तिच्याकडं वळवली. मग त्यानं विचारलं, "मग? काय म्हणाले लोक?"

सगुणेनं आठवून पाहिलं. ती अस्वलाला घळीत पाडून, भावाला दगडाखालून काढून पाठीवर घेऊन, ती ढाल दंडात अडकवूनच भर बाजारातून आली होती. "काहीच नाही," ती म्हणाली. "ढाल कुणाची, हे कुणी विचारलंच नाही."

रायाजीला हसू आलं. हसताना हात दुखला, तसा तो कळवळला, आणि तरी हसला. सगुणा मात्र हसली नाही. ती रडली. त्यानं तिला रडू दिलं.

काही दिवसांनी तिनं ढाल पुसून त्याच्या उशाशी आणून ठेवली.

"राहू दे तुला," तो म्हणाला.

"नको. मी अजून माझी शोधतेय."

"अजूनही? एवढं झाल्यावर?"

"मला शोधायला आवडतं, दादा. सुरुवातीला तेवढंच कारण होतं. मधेच विसरले."

रायाजी पुन्हा दरीत उतरला नाही. तो बाजारातच बसू लागला. नवख्यांना कोणती वस्तू कुणाकडं मिळेल ते सांगे, घासाघीस करून देई, आणि एखाद्याचं मनासारखं जमलं की त्याचा चेहरा फुले. सगुणेच्या तेव्हा कुठं लक्षात आलं, की दादाला शोधण्याचं सुख इथंच, माणसांच्या गर्दीत मिळत होतं. धनुष्य घेतलेल्या त्या मुलीची तिनं माफी मागितली. मुलगी "असू दे" म्हणाली, पण पुढं बरेच दिवस सगुणा दिसली की ती धनुष्य पाठीमागं घेई. सगुणेनं तेही सोसलं.

ती दरीत जात राहिली. आपला नियम तिनं मोडला नाही, पण कुणाला सांगितलाही नाही. झुंजीत सोबत्यानं काही फेकलं तर ती ते झेले, लढे आणि संध्याकाळी आभार मानून परत करी. तुम्ही बाजारातून काही घेत का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणे, "मला बिळात हात घालायला आवडतो," आणि विषय तिथंच संपे. भावाचा हात मात्र कधीच बरा झाला नाही. रोज त्याचं जेवणाचं ताट वाढताना तो तिच्या डोळ्यांपुढं असे.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: स्वतःला घालून घेतलेला नियम स्वतःच्या आनंदासाठी पाळावा, तो लोकांना दाखवण्यासाठी पाळू लागलो, की त्याचा भार आपल्या माणसांना सोसावा लागतो.