बर्फाच्या राजाची गोधडी

एका राज्यात बारा महिने ऊन तापायचं, आणि तिथला राजाच एके दिवशी पायाकडून बर्फाचा व्हायला लागला.

राजाचं नाव मणिसेन. ऐट अशी, की रोज नवा पोशाख. काल घातलेला आज शेकोटीत. वाड्यातल्या जुन्या गोधड्यासुद्धा त्याने जाळल्या. मग एका संध्याकाळी दारात एक चेटकीण म्हातारी आली. पांघरायला गोधडी मागू लागली.

राजा म्हणाला, "चिंध्या आमच्याकडे मिळत नाहीत."

"मग तूच गार पड," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बहिणीचं, तुझ्या भावाचं आणि तुझं स्वतःचं, अंगावर झिजलेलं कापड एका गोधडीत येईल, तेव्हा सुटशील." एवढं बोलली आणि दिवा विझावा तशी विझली.

राजाची एकच लेक, केवडा. झाडावर चढणारी, प्रधानाच्या जोड्यात बेडूक ठेवणारी. अंगात बारमाही तोच विटका लाल परकर. पोर वाढली की दाई त्याला खाली पट्टी जोडायची. आई कधीच गेलेली. माणूस म्हणून बाप तेवढा, आणि त्याचे गुडघे आता काचेसारखे दिसत होते.

खिडकीत शिंपी पक्षी येऊन बसला. "सुई माझी, हात तुझे. निघायचं?"

"निघू."

आत्या तळ्याच्या तळाशी राहायची. कासवाच्या पाठीवर बसून दोघं खाली गेली. आत्याने पैठणी पुढे केली, घडीसुद्धा न मोडलेली.

शिंपी म्हणाला, "नव्या कापडाला ऊब नसते."

"माझ्या घरात जुनं काही नाही," आत्या फणकारली. "भिकेला लागले नाही मी."

केवडा उठली. जाता जाता आत्याच्या शालूवर चिमूटभर खाजकुयली तेवढी टाकली. आत्या तीन उड्या मारून आत पळाली आणि बाहेर आली ती मऊसूत, ठिगळं लावलेल्या लुगड्यात.

"आत्याबाई, हे काय नेसलात?"

"मेले, घरात हेच बरं वाटतं." हसत हसत तिने पदराकडचा धडपा फाडून दिला. "तुझ्या बापाला सांग, बहीण आहे अजून."

केवडा परत आली तेव्हा बर्फ राजाच्या कमरेला टेकला होता.

काका डोंगरमाथ्यावर वारे पाळायचा. शिंपी तिला एका झुळकेवर बसवून वर घेऊन गेला. काका छाती काढून म्हणाला, "माझा अंगरखा पाहिलास? जरीचा आहे."

"पाहिला. पण त्या काळ्या वाऱ्याची शेपूट किती लांब हो, काका," म्हणत केवडाने तीच शेपूट पिरगळली. वारा असा उधळला की अंगरखा दुसऱ्या डोंगरावर. आत काकाची बंडी, दोन्ही कोपरांना भोकं.

"कुणाला बोलू नकोस, पोरी."

"बंडी द्या, मग मी मुकी."

आता उरलं राजाचं. केवडाने पेट्या उपसल्या, शेकोटीची राख चाळली. एक धागा मिळाला नाही. बर्फ गळ्यापाशी आला. "आबासाहेब, आठवा ना. एखादं तरी जुनं?"

"सगळं जाळलं, पोरी," राजा पुटपुटला. ओठांवर दव गोठत होतं.

तिने आत्याचा धडपा आणि काकाची बंडी जोडून केलेली गोधडी जमिनीवर अंथरली, वर बसली आणि कडेकडेने आत टाके घालत निघाली. मधे राजाच्या कापडापुरती जागा उघडीच होती. डोळ्यांतलं पाणी टाक्यावर पडत होतं, टाका कुठे पडतोय ते दिसत नव्हतं. ती बसली होती नेमकी त्याच भोकावर.

दोरा संपला. ती उठायला गेली तर अख्खी गोधडी तिच्याबरोबर उठली. गोधडीवर बसून शिवणाऱ्या बायांचं होतं तेच झालं होतं. परकर गोधडीत शिवला गेला होता.

शिंपी म्हणाला, "शिकाऊ ती शिकाऊच. थांब, उसवतो."

"उसवू नकोस," राजा म्हणाला. आवाज बर्फाआडून यावा तसा. "तो परकर म्हणजे माझ्या लग्नातला लाल फेटा. तेव्हा रोज नवा पोशाख नव्हता, माझ्या डोक्यावर झिजला. तू एवढीशी होतीस तेव्हा त्याची झोळी करून त्यात मांजर निजवलंस. जाळायला नेला तर तू रडलीस. मग दाईला म्हटलं, हिला परकर शिव."

केवडा खाली बघत राहिली. परकर बरोब्बर त्या भोकावर बसला होता.

शिंप्याने चोचीने बाकीचा परकर कापून दिला; केवडाकडे राहिला गुडघ्यापर्यंतचा. तिने गोधडी बापाच्या अंगावर घातली.

टाके एकेक करून पेटले, काजव्यांसारखे, कडेपासून मधल्या लाल तुकड्यापर्यंत. बर्फ निथळला. पाणी पायऱ्या उतरून अंगणातल्या कोरड्या विहिरीत गेलं, आणि विहिरीत मासे उड्या मारू लागले. तळ्यातून आत्या आली, डोंगरावरून काका आला.

दारात म्हातारी उभी होती, कुडकुडत.

राजाने पाय पोटाशी घेतले आणि गोधडीची एक बाजू उचलली. "या आजी. जागा आहे."

ती आत शिरली आणि लगेच घोरू लागली.

तेव्हापासून त्या राज्यात पाहुणा आला की आधी गोधडीत दोन टाके घालतो, मग पाणी पितो. राजाला ऊब मिळाली, विहिरीला पाणी मिळालं, केवडाला नवा परकर मिळाला. तो तिने त्याच दिवशी झाडावर फाडला.