कमान आणि मागची भिंत

पुष्कळ वर्षं झाली, नदीकाठी लाल विटांचं एक जुनं घर होतं. सरकारने ते वारसावास्तू म्हणून जाहीर केलं, तशी दारावरची नक्षीदार कमान बघायला पाहुणे येऊ लागले. कमान फुलून गेली.

एकदा मागची भिंत म्हणाली, "कमानताई, माझ्यात पिंपळ रुजलाय गं. मालक तुझं ऐकतात, त्यांच्या कानावर घाल ना."

"आज पाहुणे आहेत. तुझं रडगाणं नंतर बघू."

ते 'नंतर' राहूनच गेलं. भर पावसात भिंत कोसळली, छप्परही खाली आलं. घरची माणसं डोळे पुसत कमानीखालून निघून गेली.

पाहुणे अजूनही येतात, कमानीचं कौतुक करतात. ते गेले की कमान मागच्या मोकळ्या जागेला हळूच विचारते, "बाई, तू काय सांगत होतीस गं?"