म्हाताऱ्या ब्रेकचा संताप

गाड्यांच्या सुट्या भागांनाही वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. दसऱ्याच्या तोंडावर हेरंबने आपल्या लाल स्पोर्ट्स कारला नवाकोरा सायलेन्सर बसवला. तो गुरगुरला की अख्खी आळी गॅलरीत यायची आणि हेरंब गाडी आणखी वेगात पळवायचा. चाकाआडचा म्हातारा ब्रेक मात्र धुमसत होता.

"अरे, वेग वाढवलात, आता मलाही बदला! मी पार झिजलोय!" तो किंचाळायचा.

"मला भंगारात टाका म्हणून कुणी भांडतं का, आजोबा?" सायलेन्सर खो खो हसायचा. "माझा थाट बघवत नाही, असं सरळ सांगा की!"

"थाट घाल चुलीत! उतारावर माणूस चिरडला, तर तुझ्या आवाजाने उठणार आहे का?"

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. चाकाखालचं लिंबू चिरडण्यापुरतीच गाडी हलवायची होती, पण हेरंबने हौसेने जोरात पाय दिला. गाडी उसळली ती थेट आरतीचं ताट घेतलेल्या आईच्या अंगावर! ब्रेकने होता नव्हता तो सगळा संताप एकवटून चाक आवळलं. गाडी आईच्या पदराशी थांबली.

आईने तापल्या चाकाला कुंकू लावलं. "किती दिवस हा ब्रेक ओरडतोय, हेरंबा! आधी तो बदल. तोवर गाडी हलवलीस तर माझी शपथ आहे."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने घरी येऊन नवे ब्रेक बसवले. म्हातारा अंगणातल्या भंगाराच्या डब्यात पडला. संध्याकाळी गाडी उतारावरून वेगात आली आणि दाराशी अलगद थांबली.

"शाब्बास, पोरा," म्हातारा नव्या ब्रेककडे बघून पुटपुटला. त्याचा राग निवला होता.