मधाची बरणी आणि केतकीचा डेस्कटॉप

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या चाळीस वर्षांच्या श्रमांवर पाणी पडायची वेळ आली, आणि तीही त्यांच्या सर्वांत हुशार शिष्येमुळे. आबाशास्त्रींनी वनौषधींवर सहाशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. छापील प्रती संपल्या होत्या, म्हणून केतकीने त्याची वेबपाने केली. जिथे जिथे ‘पृष्ठ ३१२ पाहा’ असे छापले होते, तिथे तिने निळी लिंक दिली. तिच्या लॅपटॉपवर लिंक दाबताच नेमके पान उघडे. तिने मोठ्या अभिमानाने गावोगावच्या वैद्यांना पेन ड्राइव्ह पाठवले.

पेन ड्राइव्ह पोहोचताच फोन सुरू झाले. कुणाचेच पान उघडत नव्हते.

“तुमचा संगणक जुना झालाय,” केतकीने एकाला सांगितले. दुसऱ्याला म्हणाली, “तुम्ही नीट दाबत नाही.” तिसरे मोकाशीवैद्य लॅपटॉप काखोटीला मारून थेट आबांच्या आश्रमातच आले.

“ताई, हा मागच्याच महिन्यात घेतलाय. आणि बोट माझंच आहे, तीस वर्षं नाडी बघतंय!”

आबा शांतपणे ऐकत होते. त्यांनी एक चिठ्ठी लिहून केतकीला दिली. “एवढा मध आण.”

तिने वाचले : ‘आत्याचे घर, माजघर, डावे फडताळ, दुसरा कप्पा, मधाची बरणी.’

“आत्याचं घर कुठे आहे, आबा?”

“राजापूरला होतं. पाडलं, त्याला वीस वर्षं झाली.”

“मग मध कसा मिळणार?”

“मला तर डोळे मिटूनही सापडतो,” आबा म्हणाले. “तूच नीट शोधत नसशील.”

मोकाशी खो खो हसले. केतकी मात्र गोरीमोरी झाली. तिने मोकाशींच्या लॅपटॉपवर लिंकचा पत्ता उघडला : ‘केतकी, डेस्कटॉप, नवीन फोल्डर तीन, शेवटचे, खरंच शेवटचे, अडुळसा.’

आबा म्हणाले, “बाळ, तू वाट सांगितलीस ती तुझ्या घरापासून. वाचणाऱ्याकडे तुझं घर नाही, फक्त ग्रंथ आहे. सुंठेच्या पानावरून अडुळशाकडे जायचं, तर ‘याच कप्प्यात, शेजारी’ एवढंच सांग. मग फडताळ उचलून कुणी कुठेही नेलं, तरी शेजार सुटत नाही.”

केतकीने प्रत्येक लिंकमधला आपल्या संगणकाचा पत्ता काढून टाकला. उरली ती पानापासून पानापर्यंतची वाट. त्यात चार दिवस गेले. या खेपेस तिने पेन ड्राइव्ह आधी मोकाशींच्या लॅपटॉपला लावला, आणि लिंक दाबली. अडुळसा उघडला.

मग तिने सगळ्यांना दुरुस्त पेन ड्राइव्ह पाठवले आणि ज्यांना दोष दिला होता त्या दोघांना स्वतः फोन केला. “काका, तुमचं काहीच चुकलं नव्हतं,” ती म्हणाली. एवढे वाक्य तिला चार दिवसांच्या कामाहून जड गेले. पण बोलून झाल्यावर तिला फार हलके वाटले.

दुसऱ्याला वाट सांगताना तो कुठे उभा आहे, हे आधी विचारावे.