न फुगलेली पुरी

माठातलं चिंचेचं पाणी दुपारी गाणी म्हणायचं, तेव्हाची गोष्ट. हरबाभाऊंच्या पाणीपुरीच्या गाडीवर एक पुरी काही फुगलीच नाही. टम्म फुगलेल्या बहिणी हसल्या, "तुझ्यात पाणी मावणार कुठं? तुला कोण खाणार गं?"

बिचारी चपटी टोपलीच्या तळाशी पडून स्वप्न बघायची, की आपण चंद्रासारख्या गोल होऊन पुदिन्याच्या पाण्यात तरंगतोय.

संध्याकाळी शेवंताक्का आल्या. एकेक फुगलेली पुरी पाण्यात बुडाली आणि चव कळायच्या आत गिळली गेली. शेवटी अक्का म्हणाल्या, "भाऊ, आता नेहमीची सुकी द्या की!"

हरबाभाऊंनी चपटीला चटणी लावून वर शेव भुरभुरली. पहिल्या घासाला अक्कांनी डोळे मिटले, आणि चालत घराचं वळण येईपर्यंत ती एकच पुरी त्या हळूहळू खात राहिल्या.